शिक्षा आणि शुश्रूषा

मादक द्रव्यांच्या आहारी गेलेला मनुष्य न्यायासनापुढे उभा राहिला, की न्यायाधीशासमोर एक जुनाच पेच उभा राहतो. हा मनुष्य कायदा मोडून आलेला आहे, म्हणून तो अपराधी. पण ज्या इच्छाशक्तीच्या बळावर कायदा पाळावयाचा, तीच त्याची पंगू झालेली आहे, म्हणून तो रोगी. अपराध्याला शिक्षा द्यावी आणि रोग्याला औषध द्यावे, हे सांगणे सोपे आहे. परंतु दोघे एकाच देहात नांदत असतील, तर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी पाऊणशे वर्षे घालविली. अनेक मार्ग चोखाळले आणि त्यांतील बहुतेक सोडूनही दिले. अखेरीस १९८९ साली फ्लॉरिडा संस्थानातील मायामी येथे एक निराळे न्यायालय सुरू झाले. अमेरिकेत त्याला ‘ड्रग कोर्ट’ म्हणतात. आपण त्याला व्यसनमुक्ती न्यायालय म्हणू. हे न्यायालय व्यसनी माणसाला सावरावयास कशी मदत करते आणि त्याची मदत कोठे तोकडी पडते, याचा थोडक्यात परामर्श मी आज घेणार आहे.

या कथेचा आरंभ १९१४ सालच्या हॅरिसन कायद्यापासून करावा लागेल. त्यापूर्वी अफू, मॉर्फीन आणि कोकेन हे पदार्थ अमेरिकेत औषधांच्या दुकानांतून सर्रास मिळत. दुखण्यावरचा उतारा म्हणून घेतलेल्या बाटलीतून अनेकांना, आणि त्यांत घरंदाज स्त्रियांनाही, व्यसन जडत असे. हॅरिसन कायदा दिसावयाला कराचा कायदा होता. डॉक्टरांनी व औषधविक्रेत्यांनी नोंदणी करावी, कर भरावा, हिशेब ठेवावेत, एवढेच त्याने सांगितले होते. वैद्यकीय व्यवसायाच्या ओघात डॉक्टरांना ही औषधे देण्याची मुभाही होती. पण व्यसनी माणसाला केवळ त्याचे व्यसन सांभाळता यावे म्हणून मॉर्फीन लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसाय म्हणावा काय? १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. चाळिसांहून अधिक शहरांत व्यसनी लोकांसाठी उघडलेले दवाखाने त्यानंतरच्या काही वर्षांतच बंद पडले. डॉक्टरांनी हात आखडता घेतला. व्यसनी माणसाची गरज मात्र संपली नव्हती. ती भागविणारा चोरटा व्यापारी आणि त्याच्या मागावर असलेला शिपाई, या दोघांच्या मध्ये तो सापडला.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. तुरुंग भरले. ज्यांच्या अंगाला कापरे भरले आहे आणि रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, अशा कैद्यांचे करावयाचे काय, हे तुरुंगाधिकाऱ्यांना उमजेना. तेव्हा १९२९ साली काँग्रेसने पोर्टर कायदा संमत करून अशा कैद्यांसाठी दोन निराळ्या संस्था काढण्याचे ठरविले. त्यांपैकी पहिली केंटकी संस्थानात लेक्झिंग्टनजवळ १९३५ साली उघडली आणि दुसरी टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे १९३८ साली. लेक्झिंग्टनची संस्था अर्धी तुरुंग आणि अर्धी रुग्णालय होती. तेथे शिक्षा झालेले कैदी होते, तसेच आपण होऊन आलेले रुग्णही होते. मोकळी हवा, शेतीचे काम, गाईगुरे, सकस अन्न आणि डॉक्टरांची देखरेख यांनी माणूस बरा होईल, अशी तिच्या चालकांची श्रद्धा होती.

माणूस बरा होतही असे. पण तेथे असेपर्यंतच. गावी परतला, जुने सोबती भेटले, जुनी गल्ली दिसली, की बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळत. शरीरातले विष काही आठवड्यांत निघून जाते. मनाला लागलेली ओढ जावयाला काही वर्षे लागतात, ही गोष्ट लेक्झिंग्टनने जगाला शिकविली. त्याच संस्थेने आणखी एक कडू धडा दिला. तेथील संशोधन विभागात कैद्यांवर मादक द्रव्यांचे प्रयोग होत, आणि प्रयोगास तयार होणाऱ्यांना मोबदला म्हणून तीच द्रव्ये दिली जात. जो कोंडून ठेवणारा तोच बरे करणारा असेल, तर रोग्याच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो, हा प्रश्न तेथे प्रथम टोकदार झाला. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९६२ साली हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. कॅलिफोर्निया संस्थानात केवळ व्यसनाधीन असणे हाच गुन्हा होता, आणि त्याला किमान नव्वद दिवसांची कैद होती. लॉस एंजलिस येथे पोलिसांनी एका माणसाच्या दंडावर सुईच्या खुणा पाहिल्या आणि त्यावरून तो दोषी ठरला. रॉबिन्सन खटला या नावाने हे प्रकरण कायद्याच्या इतिहासात ओळखले जाते. व्यसन ही कृती नसून अवस्था आहे, ती रोगासारखी आहे, आणि रोगी असल्याबद्दल एक दिवसाचीही कैद क्रूर ठरेल, असे न्यायालयाने सांगितले. मात्र रोग्यावर सक्तीने उपचार करण्याचा संस्थानाचा अधिकार त्याने नाकारला नाही. हा ऐतिहासिक निकाल लागण्यापूर्वीच, १९६१ साली, ज्याच्यासाठी तो लागला तो मनुष्य मरण पावला होता, आणि न्यायालयाला निकाल देताना त्याची वार्ताही नव्हती. तत्त्वाचा निर्णय झाला. पण ज्याच्या जीविताशी त्या तत्त्वाचा संबंध होता, त्याच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. पुढे मायामीच्या न्यायालयाने नेमकी हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

रॉबिन्सन निकालानंतर शिक्षेचा आग्रह सौम्य होईल, अशी अपेक्षा होती. काही काळ तशी चिन्हेही दिसली. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वॉन्डर या डॉक्टरांनी १९६५ साली मेथाडोन या औषधाच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज ठराविक मात्रा घेऊन हेरॉइनचे व्यसनी लोक कामधंदा करू शकतात, असे त्यांना आढळले होते. १९७२ साली विल्मिंग्टन येथे आरोपींना न्यायालयातून उपचारांकडे पाठविण्याची योजना सुरू झाली. पण लोकमताचा लंबक लवकरच दुसरीकडे गेला. १९७३ साली न्यूयॉर्क संस्थानाने, गव्हर्नर रॉकफेलर यांच्या पुढाकाराने, काही औंस मादक द्रव्यासाठी पंधरा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. १९८६ साली मध्यवर्ती कायद्याने पाच ग्रॅम ‘क्रॅक’ कोकेनच्या व्यापाराला किमान पाच वर्षांची कैद सांगितली. साध्या भुकटीच्या कोकेनसाठी तेवढीच शिक्षा व्हावयाला पाचशे ग्रॅम लागत. द्रव्य तेच, फक्त रूप निराळे. पण क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा होणाऱ्यांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी असल्यामुळे या शंभरपट भेदाचा भार कोणावर पडला, हे उघड आहे. हा भेद २०१० साली अठरापटींवर आणण्यात आला, पण तो सर्वस्वी नाहीसा केला गेला नाही.

या कठोरतेच्या ऐन भरात मायामीचा प्रयोग जन्मला, आणि त्याच्या मुळाशी केवळ दयाबुद्धी नव्हती. ऐंशीच्या दशकात मायामी हे कोकेनच्या चोरट्या आयातीचे मोठे नाके बनले होते. तुरुंगांत जागा उरली नव्हती. तीच माणसे त्याच गुन्ह्यासाठी पुनःपुन्हा न्यायालयात येत होती. ती सुटतात केव्हा आणि परत येतात केव्हा, एवढेच मोजणे यंत्रणेच्या हाती उरले होते. तेथील मुख्य न्यायाधीश जेराल्ड वेदरिंग्टन यांनी न्यायाधीश हर्बर्ट क्लाइन यांना या प्रश्नाचा अभ्यास करावयास सांगितले. सरकारी वकिलांच्या प्रमुख जॅनेट रीनो, ज्या पुढे १९९३ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल झाल्या, आणि आरोपींना मोफत बचाव पुरविणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख बेनेट ब्रमर, हे दोघेही या योजनेत सामील झाले. एरव्ही एकमेकांविरुद्ध उभे राहणारे हे दोन पक्ष एका टेबलाशी बसले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९८९ साली मुख्य न्यायाधीशांच्या प्रशासकीय आदेशाने हे न्यायालय सुरू झाले आणि न्यायाधीश स्टॅनली गोल्डस्टीन त्याच्या आसनावर बसले. त्यासाठी विधिमंडळाने नवा कायदा केला नव्हता. कायद्याची कलमे तीच राहिली; ती वापरण्याची रीत मात्र बदलली.

ही रीत पाहण्यासारखी आहे. स्वतःजवळ मादक द्रव्य बाळगल्याचा आरोप असलेल्या माणसापुढे दोन वाटा ठेवल्या जात. नेहमीप्रमाणे खटला चालवून घ्यावा, किंवा सुमारे वर्षभराचा उपचारक्रम पत्करावा. क्रम पुरा केला, तर आरोप मागे घेतला जाई. प्रथम शरीर व्यसनमुक्त करणे, मग समुपदेशनाने मन स्थिर करणे, आणि शेवटी शिक्षण व नोकरी यांची जोड देऊन त्याला समाजात परत आणणे, असे त्याचे टप्पे होते. ठरल्या दिवशी, आणि पुढे इतर ठिकाणी अवचितही, लघवीची तपासणी होई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या साऱ्या काळात त्या माणसाला ठराविक दिवसांनी त्याच न्यायाधीशापुढे येऊन उभे राहावे लागे.

आज अशा न्यायालयांत साधारणपणे हाच प्रघात आहे. सुनावणीपूर्वी न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, उपचार करणारी संस्था आणि प्रोबेशन अधिकारी एकत्र बसून प्रत्येकाच्या प्रगतीचा आढावा घेतात. मग तो मनुष्य समोर येतो. आरंभी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, पुढे महिन्याने. न्यायाधीश त्याला नावाने हाक मारतात. नोकरी लागली काय, आईची प्रकृती कशी आहे, मुलांची भेट झाली काय, असे विचारतात. तपासण्या स्वच्छ आल्या असतील, तर भर न्यायालयात त्याचे कौतुक होते आणि जमलेले लोक टाळ्या वाजवितात. सभा चुकविली असेल किंवा तपासणीत द्रव्य आढळले असेल, तर लहानशी शिक्षा होते. दिवसभर न्यायालयात बसून इतरांच्या सुनावण्या ऐकावयाच्या, काही तास लोकोपयोगी काम करावयाचे, किंवा प्रसंगी काही दिवस कोठडीत काढावयाचे. क्रम पुरा झाला म्हणजे पदवीदानासारखा समारंभ होतो. ज्या न्यायालयात एरव्ही लोक शिक्षा ऐकून रडतात, तेथे त्या दिवशी आनंदाने रडणारी माणसे दिसतात.

या रीतीमागील विचार असा. जुन्या न्यायालयाच्या दृष्टीने व्यसनाकडे पुन्हा वळणे म्हणजे शर्तीचा भंग, आणि भंग म्हणजे तुरुंग. वैद्याच्या दृष्टीने असे वळणे हे रोगाचेच एक लक्षण आहे. उतरलेला ताप पुन्हा चढला, तर आपण रोग्याला दोष देत नाही; औषध बदलतो. नव्या न्यायालयाने वैद्याची ही दृष्टी पत्करली, पण न्यायाधीशाचा अधिकार सोडला नाही. चूक झाली तर तिची दखल तत्काळ घ्यावयाची, परंतु शिक्षा चुकीच्या मानाने थोडी ठेवावयाची आणि माणसाला उपचारातून काढून टाकावयाचे नाही. सहा महिन्यांनी येणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा सहा दिवसांच्या आत येणारी लहान शिक्षा अधिक परिणाम करते, हे प्रत्येक शाळामास्तराला ठाऊक असते. न्यायसंस्थेला ते मान्य करावयाला बराच काळ लागला.

मायामीची वार्ता वेगाने पसरली. ओकलंड आणि पोर्टलंड येथे दोन वर्षांच्या आतबाहेर अशी न्यायालये निघाली. १९९४ सालच्या मध्यवर्ती कायद्याने त्यांना अनुदान दिले आणि त्याच साली या क्षेत्रातील मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९७ साली अशा न्यायालयाची दहा प्रमुख अंगे लिहून काढण्यात आली. टोरँटो येथे १९९८ साली, न्यू साउथ वेल्समध्ये १९९९ साली, आणि डब्लिन व ग्लासगो येथे २००१ साली ही कल्पना समुद्रापार पोहोचली. पंचवीस वर्षांत एकट्या अमेरिकेत अशा न्यायालयांची संख्या तीन हजारांवर गेली. २००८ साली बफलो येथे माजी सैनिकांसाठी याच धर्तीचे निराळे न्यायालय निघाले.

या सर्व खटाटोपाचे फळ काय? येथे आपण भाबडे होता कामा नये. बाल्टिमोर शहरात २३५ अपराध्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत वाटून एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या अवधीत नेहमीच्या न्यायालयातून गेलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांना पुन्हा अटक झाली, तर व्यसनमुक्ती न्यायालयातून गेलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांना. फरक निश्चित आहे. पण दर तिघांपैकी दोघांना पुन्हा अटक झालीच, हेही तितकेच खरे. २०११ साली पुऱ्या झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत २३ न्यायालयांचा विचार झाला. दीड वर्षानंतर विचारले असता, या न्यायालयांतील ५६ टक्के लोकांनी मागील वर्षात मादक द्रव्य घेतल्याचे सांगितले. तुलनेसाठी निवडलेल्या इतर लोकांत हे प्रमाण ७६ टक्के होते. याच पाहणीत असे दिसले, की न्यायाधीश आपल्याशी न्यायाने आणि आदराने वागतात असे ज्यांना वाटले, त्यांची प्रगती अधिक चांगली होती. २०१३ साली राष्ट्रीय संघटनेने जे दंडक घालून दिले, त्यांत न्यायाधीशाने प्रत्येक माणसाशी किमान तीन मिनिटे तरी बोलावे, असे सुचविले. ज्या न्यायालयांत सरासरी तीन मिनिटे मिळतात, तेथे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण अधिक घटते, असे आढळले होते.

तीन मिनिटे! एका माणसाच्या जीविताला एवढाच अवधी पुरतो, हे ऐकून प्रथम हसू येईल. मी स्वतः शासकीय सेवेत आहे. आमच्याकडे माणसे बहुधा कागदांच्या रूपाने येतात. अर्जावर शेरा मारला, की तो अर्ज पुढच्या टेबलावर जातो. आणि त्यामागचा मनुष्य पुढे कोठे गेला, हे आम्हाला सहसा कळत नाही. म्हणून या तीन मिनिटांचे मोल मला फार वाटते. अधिकाराच्या आसनावर बसलेला कोणी आपल्याला ओळखतो, गेल्या खेपेस आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात तो आपली वाट पाहणार आहे, ही जाणीव व्यसनी माणसाला इतरत्र क्वचितच मिळते. बहुतेकांनी त्याची आशा सोडलेली असते, आणि त्यानेही स्वतःची.

तथापि या न्यायालयांवरील आक्षेपही गंभीर आहेत. पहिला आक्षेप लेक्झिंग्टनच्या वेळचाच आहे. तुरुंग किंवा उपचार, अशी निवड पुढे ठेवली, तर निवडणाऱ्याचे स्वातंत्र्य कितपत खरे मानावे? अनेक ठिकाणी प्रवेशापूर्वीच गुन्हा कबूल करावा लागतो. मग उपचारक्रम अर्धवट राहिला, तर बचावाची संधीही हातची गेलेली असते. आणि अशा माणसाला कधीकधी, साधा खटला चालला असता तर झाली असती त्याहून अधिक शिक्षा भोगावी लागते. दुसरा आक्षेप असा, की आरोपीचा वकील सहकाऱ्यांच्या टेबलाशी बसू लागला, तर आरोपीच्या बाजूने भांडावयाचे कोणी? आणि तिसरा आक्षेप सर्वांत मोठा आहे. कित्येक न्यायाधीशांनी मेथाडोनसारख्या औषधांना ‘एका व्यसनाऐवजी दुसरे’ असे म्हणून मज्जाव केला. वैद्यकशास्त्राने उपयुक्त ठरविलेले औषध न्यायालयाच्या हुकमाने बंद व्हावे, म्हणजे १९१९ सालची चूक निराळ्या वेषात परत यावी. २०१५ साली मध्यवर्ती शासनाने, असे औषध नाकारणाऱ्या न्यायालयांना अनुदान मिळणार नाही, अशी अट घातली, तेव्हा कोठे या प्रवृत्तीला आळा बसू लागला.

या आक्षेपांतून मर्यादा स्पष्ट होते. न्यायाधीश रोग्याला भेटू शकतो, धीर देऊ शकतो, वेळेवर धाक घालू शकतो. पण त्याने औषधाची मात्रा ठरवू नये. जेथे त्याने ही मर्यादा ओळखली, तेथे न्यायालय आधार ठरले. जेथे ओळखली नाही, तेथे ते जुन्या तुरुंगाचेच दुसरे दार झाले.

आपल्याकडे काय आहे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. मादक द्रव्यांसंबंधीचा आपला कायदा १९८५ सालचा, म्हणजे मायामीच्या न्यायालयाहून चार वर्षांनी जुना आहे. त्याच्या ३९ व्या कलमाने न्यायाधीशाला एक अधिकार दिलेला आहे. स्वतः सेवन करण्याच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला मनुष्य व्यसनी असेल, तर त्याचे वय, चारित्र्य आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, त्याला शासकीय किंवा शासनमान्य रुग्णालयात उपचारासाठी सोडता येते. त्याने जातमुचलका लिहून द्यावा आणि फार तर एक वर्षाच्या आत परत येऊन उपचाराचा अहवाल सादर करावा, अशी योजना आहे. कलम उदार आहे. परंतु मायामीच्या अनुभवाशी ताडून पाहता त्यातील एक पोकळी नजरेत भरते. आपले कलम त्या माणसाला एकदा पाठविते आणि एकदा बोलाविते. मधल्या वर्षात तो पडला, सावरला, पुन्हा पडला, तर ते विचारणारे त्यात कोणी नाही. पुण्यात १९८६ सालापासून काम करीत असलेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांनी रुग्ण घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा करणे किती अगत्याचे आहे, हे आपल्याच लोकांना दाखवून दिले आहे. ते कार्य संस्थेच्या चांगुलपणावर अवलंबून आहे. न्यायालयाच्या आदेशात त्याला जागा मिळालेली नाही.

मायामीची प्रत जशीच्या तशी उतरवून घ्यावी, असे मला सुचवावयाचे नाही. आपल्या न्यायालयांवरील कामाचा भार, वकिलांची टंचाई आणि उपचारकेंद्रांची तुटपुंजी संख्या पाहता तसे होणारही नाही. पण एक गोष्ट आपल्या कायद्याच्या चौकटीतही बसण्यासारखी आहे. कलमाने एक वर्षाची कमाल मुदत सांगितली आहे. त्या वर्षात माणसाला एकदाच बोलवावे, असे बंधन त्यात कोठे दिसत नाही. महिन्यातून एकदा त्याच न्यायाधीशापुढे त्याला उभे केले, कसे चालले आहे एवढे विचारले, आणि घसरल्याचे कळले तर हाकलून देण्याऐवजी रुग्णालयाशी पुन्हा जोडून दिले, तर त्याला मोठा खर्च येणार नाही. अमेरिकेला हे साधे उत्तर सापडावयाला पाऊणशे वर्षे लागली, आणि त्या अवधीत असंख्य माणसे तुरुंगात खितपत पडली. तो हिशेब आपल्यासमोर मांडलेला असताना आपणही तेवढाच काळ घ्यावा, याला काही कारण नाही.